१६० चौरस फुटांचा हिशोब

मध्यंतरी एक रील खूप फिरत होतं. परदेशातल्या कुठल्याशा शहरात एक जोडपं इवल्याशा घरात राहतं. पलंग उचलून भिंतीत जातो, जेवायचं टेबल घडी होऊन कपाटाचं दार बनतं, जिन्याच्या प्रत्येक पायरीत खण आहे. मी ते आईला दाखवलं. तिने दोनदा पाहिलं आणि विचारलं, "ह्यात राहतात किती जण?"

"दोघं."

"मग दोघांसाठी कशाला एवढी खटपट?"

तिचा प्रश्न रास्त होता. डिलाईल रोडच्या, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत आम्ही १६० चौरस फुटांच्या खोलीत सात जण राहायचो. आजी-आजोबा, आई-बाबा, काका, माझी बहीण आणि मी. आमचा पलंग भिंतीत जात नव्हता. लोखंडी कॉट होती, तिच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा होत्या. त्या विटांमुळे कॉटखाली तांदळाचा डबा, दोन ट्रंका आणि रात्री मी, एवढं सगळं मावायचं. आजोबा कॉटवर, आजी आणि आई ओट्याच्या बाजूला, बहीण त्या दोघींच्या मध्ये. बाबा आणि काका खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये. पाऊस असो वा थंडी, त्या दोघांची जागा बाहेरच.

आता मी घणसोलीला वन आरकेत भाड्याने एकटा राहतो. मोजून पाहिलं तर ही जागा आमच्या जुन्या खोलीपेक्षा थोडी मोठीच आहे, आणि तरी मला ती अपुरी वाटते. सात जणांना पुरलेली जागा एकाला का पुरत नाही? शिवाय ती सात जणांना खरंच पुरत होती, की आम्ही तसं म्हणायला शिकलो होतो? ह्याचं उत्तर शोधताना मला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागलं. कारण १६० हा आकडा आमच्या घरच्यांनी निवडलेला नव्हता. तो कुणीतरी ठरवून दिला होता.

प्लेग आला आणि घर मोजलं जाऊ लागलं

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले. रोग ओळखणारे डॉक्टर होते मूळचे गोव्याचे अकासिओ व्हिएगस. पुढच्या काही महिन्यांत शहर रिकामं होऊ लागलं. बंदर, गिरण्या, बाजार, सगळीकडची माणसं गावाकडे पळाली. १८९७ सालच्या सुरुवातीपर्यंत जवळपास निम्मी वस्ती निघून गेली होती.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सरकारला पटलेलं नव्हतं. संशय होता तो घरांवर. कोंदट हवा, ओल, अंधार आणि दाटीवाटी ह्यांतूनच रोग उपजतो, अशी समजूत होती. म्हणून अधिकारी घरात शिरू लागले, कौलं काढून आत ऊन घेऊ लागले, भिंतींना चुना फासू लागले. ज्या खोल्या माणसांनी राहण्याच्या लायकीच्या नाहीत असं ठरलं, त्यांच्या भिंतीवर तशी इंग्रजी आद्याक्षरं रंगवली गेली. कोणती खोली घर आहे आणि कोणती नाही, हे ठरवण्याचं काम तेव्हापासून ठळकपणे सरकारकडे आलं.

१८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने शहरातून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड ही त्याचीच कामं. समुद्राची हवा शहराच्या पोटात खेळावी हा त्यामागचा विचार. पण रस्ता काढायचा म्हणजे मधली घरं पाडायची, आणि सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने गरिबांची जेवढी घरं पाडली तेवढी बांधली नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळींमध्ये शिरली. दाटी कमी करायला निघालेल्या योजनेने काही ठिकाणी दाटी वाढवली.

ट्रस्टने ज्या चाळी बांधल्या त्या आजही 'बीआयटी चाळी' म्हणून ओळखल्या जातात. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षं राहिले. खोली क्रमांक ५० आणि ५१. त्याआधी त्यांचं कुटुंब परळच्याच डबक चाळीत एका खोलीत होतं. त्यांच्या चरित्रात एक प्रसंग येतो. खोलीत घरची माणसं, भांडीकुंडी, जातं, बकरी. अभ्यासाला शांतता नाही आणि पाय पसरायला जागा नाही. मग वडील रामजी सुभेदारांनी तोड काढली. भीमाने संध्याकाळी लवकर निजायचं, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागायचं. दोन वाजता मुलाला उठवायचं आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर आपण झोपायचं. मुलगा दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत बसायचा.

लहान घर कसं चालतं, हे मला ह्या प्रसंगातून पहिल्यांदा नीट कळलं. जागा वाढवता येत नसेल तर वेळ वाटून घ्यायची. आणि त्या वाटपात कुणाची तरी झोप जाते. इथे ती एका म्हाताऱ्या बापाची गेली.

गाठीमागे एक रुपया

पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या जोरात चालल्या, माणसं आली आणि घरभाडी भडकली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणना पाहिल्या तर मुंबईतली दोन-तृतीयांश किंवा त्याहून जास्त माणसं एका खोलीच्या घरात राहत होती. म्हणजे 'एक खोली' ही काही गरिबातल्या गरिबाचीच गोष्ट नव्हती. ते ह्या शहराचं सर्वसाधारण घर होतं.

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड ह्यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, स्थापन केलं. घोषणा होती कामगारांसाठी ५० हजार खोल्यांची. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला गेला. प्रत्यक्षात नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी. गुणाकार केला तर साडेसोळा हजारांच्या आसपास. घोषणेच्या एक-तृतीयांश.

मधोमध लांबलचक बोळ आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्यांची दारं, अशी त्यांची रचना. गिरगावच्या जुन्या चाळींना बाहेरच्या बाजूने लाकडी गॅलरी असते. तिथे उभं राहिलं की रस्ता दिसतो. आमच्या चाळीत दार उघडलं की समोरच्यांचं दार दिसायचं. बांधकाम सगळं काँक्रीटचं. खिडक्यांना सुरुवातीला काँक्रीटच्याच पक्क्या पट्ट्या होत्या. त्यातून धड उजेडही येईना आणि वाराही. उन्हाळ्यात खोली तापायची.

आणि मग एक गंमत झाली. घरांचा एवढा तुटवडा असलेल्या शहरात ह्या खोल्या घ्यायला कुणी तयार होईना. वरळीच्या कितीतरी चाळी विसाच्या दशकात ओस पडल्या होत्या. त्या गिरण्यांपासून लांब होत्या, बाजार जवळ नव्हता, वाटेत दिवे नव्हते. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा वापर सरकारने तात्पुरता तुरुंग म्हणून केला. कामगार ज्या खोल्यांत स्वखुशीने यायला तयार नव्हते, त्यांत सत्याग्रहींना कोंडलं गेलं.

त्याच वेळी लालबाग-परळच्या खाजगी चाळी मात्र ओसंडून वाहत होत्या. तिथल्या खोल्या काही फार चांगल्या नव्हत्या. पण भोंगा वाजला की दहा मिनिटांत गिरणीच्या फाटकाशी पोचता यायचं, उधारीवर माल देणारा वाणी खाली होता, गावची चार माणसं शेजारी होती. खोली किती मोठी ह्याआधी ती कशाच्या जवळ, हा कामगाराचा प्रश्न होता. सरकारने चौरस फूट आणि काँक्रीट मोजलं. कामगाराने पायी अंतर मोजलं.

एक वळकटी, दोन पाळ्या

१९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या सुमारे ५२५. म्हणजे शहर बहुतांशी एकट्या पुरुषांचं. बायको, मुलं, म्हातारे आईबाप, शेतीचा तुकडा हे सगळं रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडे. मुंबईत फक्त कमावणारा हात.

गावकीच्या खोल्या ह्याच काळातल्या. एका गावच्या लोकांनी मिळून एक खोली घ्यायची. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर एक खुंटी आणि एक वळकटी. दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले येऊन झोपायचे. एका खोलीत पंधरा-वीस नावं असली तरी एका वेळी अंग टाकणारे त्याच्या निम्मे. सुट्टीच्या दिवशी मात्र सगळे एकदम खोलीवर, म्हणून मग कुणी भजनाला, कुणी आखाड्यात, कुणी नाक्यावर.

गोव्याच्या लोकांनी हीच गोष्ट आणखी शिस्तीने केली. धोबीतलाव, माझगाव, डाबूळ ह्या भागांत गावागावांच्या 'कुडी' होत्या. काही अजून आहेत. बोटीवर काम करणारा खलाशी दोन सफरींच्या मधे इथे येऊन राहायचा. भिंतीलगत पेट्यांची रांग, एका बाजूला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचा. माणूस वर्षभर समुद्रावर असला तरी त्याची पेटी कुडीत असायची. मुंबईतला त्याचा पत्ता म्हणजे ती पेटी.

हे सगळं चालत होतं कारण खोलीच्या पोटात सगळा संसार नव्हताच. आजारी पडलं की गावी जायचं, बाळंतपणाला गावी, म्हातारपणी गावी. खोली लहान होती, पण तिला जोडलेलं एक मोठं घर दोनशे मैलांवर होतं. मुंबईची खोली ही त्या घराची जणू एक पडवी होती.

जेवणही खोलीबाहेर होतं. गिरणगावात बायका खानावळी चालवत. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. कुणाच्या तरी दहा बाय बाराच्या घरातच दहा-वीस खानावळ्यांचा स्वयंपाक व्हायचा. पाळीप्रमाणे पंगती बसायच्या, डबे गिरणीत जायचे. पैसे पगार झाला की महिन्याचे एकदम. तोवर धान्य, रॉकेल, मीठमिरची उधारीवर, व्याज भरून. ह्याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवलं. गिरणगावच्या इतिहासात संप, सभा, मोर्चे ह्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. पण हजारो पुरुष चूल नसलेल्या खोल्यांत राहू शकले, ह्याचं कारण शेजारच्या खोलीतली चूल दिवसाचे सोळा तास पेटलेली होती.

कोण मावलं, कोण नाही

चाळीबद्दल आपण लिहायला लागलो की सूर चटकन हळवा होतो. दारं सताड उघडी, वाटीभर साखर, गणपती, गोविंदा, एकाच्या घरच्या टीव्हीसमोर अख्खा मजला. हे खोटं नाही, मी ते जगलोय. शेजारच्या काकूंच्या घरी माझी वर्षातली निम्मी जेवणं झाली असतील. पण हा हिशोब अपुरा आहे.

१९२१ सालची मुंबईच्या आरोग्य खात्याची आकडेवारी इतिहासकार नेहमी सांगतात. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत, नोंद झालेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ८२८ बालमृत्यू. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत १३३. पहिला आकडा फुगलेला आहे हे मान्य करायला हवं. बरीच बाळं गावी जन्मत, त्यामुळे जन्माची नोंद मुंबईत नसे, मृत्यूची मात्र होई. पण तेवढी सूट देऊनही, खोल्या वाढत जातात तसे मृत्यू कमी होत जातात, हे नुसत्या नोंदींच्या गोंधळाने होत नाही. लहान खोलीत माया असते हे खरं, आणि लहान खोलीत खोकला सगळ्यांना लागतो हेही खरं.

माझ्या आजीला मी एकदा विचारलं होतं की तुला खोलीत सगळ्यात त्रास कशाचा व्हायचा. मला वाटलं पाण्याचा सांगेल, कारण पहाटे चारला उठून पिंप भरायचं काम तिचंच होतं. ती म्हणाली, "आडोशाचा." आमची मोरी खोलीच्या कोपऱ्यात होती, कमरेएवढ्या भिंतीची. घरातले पुरुष बाहेर गेले की बायकांनी अंघोळ उरकायची. आजोबा रिटायर झाल्यावर दिवसभर घरीच, म्हणजे ते नाक्यावर जाईपर्यंत थांबायचं. संडास मजल्याच्या सगळ्यांचा मिळून. रात्री एकटीने जायचं नाही, म्हणून संध्याकाळनंतर पाणी कमी प्यायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिने आईला शिकवलं नव्हतं. दोघींना आपापलं कळलं.

आई लग्न होऊन आली तेव्हा खोलीत तिच्यासह पाच जण होते. नव्या जोडप्यासाठी दोरीवर एक पडदा बांधला गेला. त्या काळातल्या चाळीत हे सर्रास होतं. नवराबायकोला एकांत मिळावा म्हणून घरची माणसं एखाद्या रात्री कीर्तनाला नाहीतर लग्नघरी जाऊन झोपायची. आम्ही हे विनोद म्हणून सांगतो. आईला मी ह्याबद्दल कधी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. एवढंच म्हणतो की बाबा आणि काका पॅसेजमध्ये झोपले, आजोबा नाक्यावर गेले, मी मैदानात वाढलो. चाळीच्या बाहेर जी जागा होती ती बहुतेक पुरुषांच्या वाट्याला आली. रील बघून "दोघांसाठी कशाला एवढी खटपट" म्हणणारी माझी आई चोवीस तास त्या १६० फुटांच्या आतच होती.

गोठलेलं भाडं, वाढलेलं घर

खोली मूळची एकट्या कामगारासाठी किंवा एका लहान कुटुंबासाठी. तिच्यात तीन पिढ्या कशा आल्या?

एक कारण कायदा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. युद्धानंतर आणि फाळणीनंतर माणसांचा लोंढा येत असताना भाडेकरूला रस्त्यावर यावं लागू नये, हा हेतू योग्यच होता. पण भाडं गोठलं तशी खाजगी मालकाची दुरुस्तीची इच्छाही गोठली. भाडेकरूने अशी खोली सोडायची म्हणजे मूर्खपणा. त्यातून पागडी आली. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि उपकर सुरू झाला. बातम्यांमध्ये आपण 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द वाचतो तो तिथला. बीडीडीचा मालक तर सरकारच, भाडं नाममात्र. तिथूनही कुणी हललं नाही.

दुसरं कारण गाव. शेतीचे तुकडे पडत गेले, बायका-मुलं मुंबईत आली, आणि ज्या मोठ्या घराच्या भरवशावर खोली लहान असून चालत होती ते घर हळूहळू मिटत गेलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. आजोबा साचा खात्यात होते. काही दिवस गावी काढून ते परत आले, पण काम परत मिळालं नाही. त्यानंतर आमच्या घरात पगार नव्हता, शेत नव्हतं. होती ती खोली. अभ्यासिकेत बसून काका शिकला, आईने पापड लाटले, बाबांनी मिळेल ते केलं, आणि हे सगळं शक्य झालं कारण शहराच्या मध्यावर राहायला जवळपास फुकट जागा होती. आजी म्हणायची, गिरणीने सोडलं पण खोलीने सोडलं नाही.

ह्याच काळात सरकार 'गरिबाला किती जागा लागते' ह्याचा आकडा बदलत होतं. झोपडपट्टी पुनर्विकासात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला १८० चौरस फूट होते. मग २२५ झाले, मग २६९, आता ३००. गिरणी कामगारांना म्हाडाच्या सोडतीत मिळाली ती घरं २२५ फुटांची. बीडीडीच्या रहिवाशांना ५०० चौरस फूट ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना त्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १८९६ पासून पाहिलं तर सरकार दर थोड्या वर्षांनी हा आकडा नव्याने लिहितं, आणि माणसं त्या आकड्यात स्वतःला बसवतात.

वन आरकेत परत

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. घणसोलीची ही खोली मला अपुरी का वाटते?

कारण चाळीची खोली कधी एकटी नव्हती. तिला पॅसेज होता, मैदान होतं, अभ्यासिका होती, पाळीपाळीने जेवू घालणारी खानावळ होती, गाव होतं. त्यातलं पुष्कळसं कुणाच्या तरी फुकट कष्टांवर चालत होतं, पण होतं. मला बिल्डरने फक्त खोली दिली. जिन्यात थांबलं तर वॉचमन विचारतो, काय काम आहे. गच्चीला कुलूप. कपडे वाळत घालायला जागा नाही, पाहुणा आला तर त्याने झोपायचं कुठे हा प्रश्न. लहान घराच्या नावाखाली माझ्याकडून मोठ्या घराचं भाडं घेतलं जातं आणि बाहेरची सामायिक जागा मात्र काढून घेतली जाते. त्याऐवजी अ‍ॅपवरून डबा येतो, अ‍ॅपवरून धोबी येतो, आणि बसायला कॅफेत जावं तर कॉफीचे अडीचशे रुपये.

तुमच्यापैकी बरेच जण ह्या वर्षी पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईत असंच एखादं वन आरके शोधत असाल. ब्रोकर चौरस फूट सांगेल. इतिहास वाचून मी जे शिकलो ते एवढंच की त्यानंतर आणखी काही प्रश्न विचारावेत. स्टेशन पायी किती मिनिटं? पाणी किती वाजता येतं? गच्ची उघडी असते का? जवळ अभ्यासिका किंवा वाचनालय आहे का? पोळीभाजीचं केंद्र आहे का? आणि दोघं-तिघं मिळून राहणार असाल तर आधीच ठरवा की कोण कधी झोपणार, कोण कधी फोनवर बोलणार, भांडी कोण घासणार. चाळीत हे सगळं ठरलेलं असायचं. फक्त ते ठरवताना बायकांना विचारलं गेलं नव्हतं. तेवढी चूक आपण टाळू शकतो.

आमची चाळ आता पाडली आहे. खोली सोडायच्या दिवशी सामान निघाल्यावर मी टेपने जमीन मोजायला बसलो. रिकामी खोली फारच लहान दिसत होती. सात माणसांनी भरलेली असताना ती एवढी लहान कधी दिसली नव्हती. कॉटच्या विटांचे चार ठसे फरशीवर उमटलेले होते. आजोबा तोवर गेले होते, आजीही. बाबा दारात उभे राहून पॅसेजकडे बघत होते, जिथे ते तीस वर्षं झोपले.

नवं घर तयार व्हायचंय. त्याचा नकाशा मी आईला मोबाईलवर दाखवला. वाटलं, ५०० फूट ऐकून तिला आनंद होईल. तिने बोटाने नकाशा मोठा केला, हॉल बघितला नाही, बाल्कनी बघितली नाही. एका लहानशा चौकोनावर बोट ठेवून विचारलं, "ही बाथरूम ना? आतून कडी आहे ना?"

"असणारच, आई."

"बघून घे," ती म्हणाली. "सही करायच्या आधी बघून घे."